हिंदुरावांच्या कुकरला पितळी डाख

हिंदुरावांच्या कुकरची गुंडी वितळली ती वेणीमाधवांच्या स्वयंपाकघरात. वेणीमाधव त्या वेळी मेव्हणीच्या मुलांना वाफेची ताकद समजावून सांगत होते.

समजावून सांगणे हा त्यांचा पेशा होता आणि थोडासा आजारही. शाळेत ते विज्ञान शिकवत आणि घरी आल्यावर जो समोर सापडेल त्याला शिकवत. त्या दिवशी वाफेवरून ते इंजिनावर आले, इंजिनावरून कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात शिरले आणि तिथेच रमले. "शिट्टी झाली की स्टोव्ह बंद करा," असे बजावून प्रभाबाई पिठाच्या गिरणीत गेल्या होत्या. शिट्ट्या झाल्या, होत राहिल्या, मग व्हायच्या थांबल्या. आतले पाणी आटले, डाळ करपली, आणि एकाएकी झाकणातून करपट वाफेचा फवारा उडून थेट छपराच्या पत्र्याला लागला.

"काका, हीच का ती ताकद?" धाकट्याने विचारले. वेणीमाधवांनी आयुष्यात पहिल्यांदा एका चांगल्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही.

कुकर स्वतःचा असता तर गोष्ट इथेच संपली असती. पण सात रस्त्याजवळच्या त्यांच्या बैठ्या चाळीत कुकर एकच होता आणि तो हिंदुरावांचा होता. हिंदुराव मूळचे मैंदर्गीचे, नोकरी एस.टी.त. त्यांच्या मेव्हण्याने पुण्याहून आणून दिलेला तो कुकर सोनाबाई एखाद्या माहेरवाशिणीसारखा सांभाळत. ज्याच्याकडे पाहुणे येतील त्याला तो आपण होऊन देत, आणि परत येताना तो कसा येतो याकडे बारीक नजर ठेवत. घासूनपुसून यावा, आणि मोकळा येऊ नये. आत पसाभर काहीतरी असावे, गहू, डाळ, गूळ, काहीही. चाळीत सगळीच भांडी अशी फिरत आणि मोकळे भांडे परत गेले की दोन घरांत आठवडाभर अबोला राही.

आता हा कुकर परत जायचा होता तो झाकणाला भोक घेऊन. आणि नागपंचमी तोंडावर आली होती. पंचमीला सोनाबाईंच्या घरी चिरायचे नाही, तळायचे नाही, चुलीवर तवा चढवायचा नाही. जे काही करायचे ते उकडून. मैंदर्गीहून हिंदुरावांची आत्या आणि बाकीचे गोत पुरणाची दिंडे खायला येणार होते. सोनाबाईंनी दारातूनच विचारून ठेवले होते, "मास्तर, कुकर मोकळा झाला का वो?"

"झालाच म्हणून समजा," वेणीमाधव म्हणाले होते.

झाकणावर शिट्टीच्या शेजारी चण्याएवढी एक पितळेची गुंडी असते. तिच्या पोटात एका मऊ धातूचा ठिपका बसवलेला असतो. तो ठिपका वितळून वाहून गेला होता आणि गुंडीतून आरपार उजेड दिसत होता. एवढेच. बाकी कुकर धडधाकट. वेणीमाधव भांड्यांच्या दुकानात गेले आणि नवी गुंडी मागितली. दुकानदाराने विचारले, कुकर कुणाच्या नावावर आहे? हमीचे कार्ड कुठे आहे? कार्डावर पुण्याच्या दुकानाचा शिक्का असेल तर माल पुण्याहूनच मागवावा लागेल आणि मालकाची सही लागेल. नसेल तरी माल पुण्याहूनच मागवावा लागेल. गुंडी लहान आहे हे वेणीमाधवांनी त्याला तीन प्रकारे पटवून दिले. दुकानदाराला ते पटले. पंचमी झाल्यावर बघू, असे तो म्हणाला.

म्हणजे आता दोन वाटा होत्या. हिंदुरावांकडे जाऊन झाले ते सांगायचे, किंवा ते भोक आपणच बुजवायचे. प्रभाबाईंनी पहिली वाट सुचवली. वेणीमाधवांनी ती वाट नाहीच अशा नजरेने बायकोकडे पाहिले. विज्ञानाच्या मास्तराच्या घरात पाणी आटून कुकर जळतो, हे सोनाबाईंना कळले की दुसऱ्या दिवशी नळावर कळणार आणि तिसऱ्या दिवशी आठवी ब मध्ये. शिवाय भोक बुजवणे म्हणजे काय? एका धातूला दुसरा धातू चिकटवायचा. त्यासाठी दोन्हींपेक्षा लवकर वितळणारा तिसरा धातू मध्ये वितळवून ओतायचा. त्याला डाख देणे म्हणतात. हे ते वर्षानुवर्षे फळ्यावर आकृती काढून शिकवत आले होते. प्रश्न एवढाच होता की डाख कशाचा द्यायचा.

तर ते आधी सिद्धारामकडे गेले. सिद्धाराम सात रस्त्यावर रेडिओ दुरुस्त करी. कशासाठी हवे ते न सांगता वेणीमाधवांनी 'एका मित्राच्या वस्तू'ची हकीकत सांगितली. सिद्धारामने कथील आणि शिसे यांची वेटोळे घातलेली तार काढली, तापलेले तांब्याचे टोक तिला टेकवले आणि चमकता थेंब पाडून दाखवला.

"बघा सर, लोण्यावानी वितळतंय. काय बी चिकटवा."

नेमके ते लोणी वेणीमाधवांना आवडले नाही. जे लोण्यासारखे वितळते ते जाळावर काय टिकणार? त्यात पुन्हा शिसे. शिसे पोटात जाणे वाईट, हे त्यांनी सिद्धारामला समजावून सांगितले. सिद्धारामने रेडिओ कुणी खात नसल्याचे निदर्शनास आणले.

मग ते सराफाकडे गेले. तिथे चांदीचा डाख असतो, टाकणखार लावून फुंकणीने देतात, नाजूक आणि देखणा. पण दागिना पाहिल्याशिवाय सराफ बोलायला तयार होईना आणि दागिना नाही म्हटल्यावर तो चोरीचा असावा अशा नजरेने बघू लागला. वेणीमाधव बाहेर पडताना चाळीतल्या कुणीतरी पाहिले. संध्याकाळी नळावर दोन बायकांनी प्रभाबाईंना, काय मोडायला काढलंय, असे हळहळत विचारले. प्रभाबाईंनी नवऱ्याकडे बघून, अजून तरी काही नाही, असे सांगितले.

त्या रात्री वेणीमाधवांनी पुस्तके काढली आणि शांतपणे तुलना केली. कथील-शिशाचा डाख दोनशे अंशांच्या आतच वितळतो. चांदीचा सातशेच्या आसपास. पितळी डाख, ज्याने तांबट हंडे-घागरी सांधतात, तो जवळजवळ नऊशेला. आकडे एकाखाली एक ठेवले की वेणीमाधवांच्या मनात काहीएक आपोआप घडे. पंचवीस वर्षे ते उत्तरपत्रिका तपासत होते. दोनशे नापास, सातशे दुसरा वर्ग, नऊशे पहिला. जो सर्वांत जास्त मिळवतो तो पहिला येतो, यात विचार करण्यासारखे त्यांना काही दिसले नाही.

दुसऱ्या दिवशी तांबटाच्या भट्टीवर गुंडीला पितळी डाख बसला. तांबटाने कशाची आहे म्हणून विचारले. वेणीमाधवांनी, प्रयोगाची, असे सांगितले. डाख असा बसला की भोक कुठे होते ते सांगता येईना. प्रभाबाईंनी रिवाजाप्रमाणे कुकरमध्ये मापटेभर हरभऱ्याची डाळ घातली. पंचमीचे पुरण आहे, त्यांना उपयोगी पडेल. वेणीमाधव स्वतः तो पोहोचवायला गेले.

सोनाबाईंची नजर मात्र पहिल्या क्षणी त्या पिवळ्या ठिपक्यावर गेली. "हे काय वो? आधी पांढरं हुतं."

इथे खरे बोलायची शेवटची संधी होती. वेणीमाधव म्हणाले, "कच्चा होता, वहिनी. पक्का करून आणला."

हिंदुराव इतके खूश झाले की त्यांनी चहा ठेवायला लावला.

पंचमीच्या सकाळी शाळेला सुट्टी होती आणि चाळीतली पोरे नेहमीप्रमाणे वेणीमाधवांच्या ओट्यावर जमली होती. आदल्या रात्री चाळीतले दिवे गेले होते, म्हणून त्या दिवशीचा विषय फ्यूज. वेणीमाधवांनी जळालेली तार हातात धरून दाखवली. घरातली बाकीची तार जाड, भक्कम. मग इथेच एवढीशी, लगेच वितळणारी तार का लावतात? पोरांनी उत्तरे दिली. स्वस्त पडते म्हणून. वीज मंडळाकडे तांबे नाही म्हणून.

"नाही," वेणीमाधव म्हणाले. "मुद्दाम. जास्त ताण आला तर सगळ्यांत आधी हिने जायचं, म्हणजे घर वाचतं. इथे जर कुणी शहाण्याने जाड, न वितळणारी तार बसवली तर…"

ते थांबले. पोरे पुढच्या शब्दाची वाट बघत राहिली. वेणीमाधव हातातल्या तारेकडे पाहत होते आणि त्यांच्या कपाळावर घाम येत होता. हिंदुरावांच्या घरातून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज ऐकू येत होता.

चपला न घालता ते निघाले. आपण पळतो आहोत असे दिसू नये याची खबरदारी त्यांनी पहिल्या चार घरांपर्यंत घेतली.

हिंदुरावांच्या बाहेरच्या खोलीत जाजम अंथरले होते आणि मैंदर्गीची मंडळी मांडी घालून बसली होती. हिंदुरावांनी वेणीमाधवांना दारातच धरले आणि पाहुण्यांच्या मधोमध बसवले. हेच ते मास्तर, म्हणून ओळख करून दिली. कंपनीने कच्चे केलेले ह्यांनी पक्के केले, पदरमोड करून, न सांगता. असा शेजार मिळायला नशीब लागते. एका पाहुण्याने आपल्याही गावात एकाने कुकर घेतल्याचे सांगून त्याचेही काम होईल का म्हणून विचारले. वेणीमाधव मान हलवत होते आणि कान आतल्या खोलीकडे लावून बसले होते. स्टोव्ह भरभरत होता. शिट्टी मात्र वाजत नव्हती.

"वहिनी," ते बसल्या जागेवरून म्हणाले, "कुकरमध्ये काय आहे?"

"तुमचीच डाळ की," आतून सोनाबाई म्हणाल्या. "जरा जास्तच झाली, पार वरपातूर आली. मघाशी सूं सूं करत हुता, आता गप बसलाय. शिट्टी हुईना म्हणून हवा मारली आनखी."

हरभऱ्याची डाळ फेसाळते. तो फेस शिट्टीच्या नळीत चढून बसला की वाफेची नेहमीची वाट बंद होते. ती बंद झाली की दुसरी वाट तो मऊ ठिपका. आणि ती वाट वेणीमाधवांनी नऊशे अंशांपर्यंत बंद करून दिली होती. एवढा सगळा धडा त्यांच्या डोक्यात एका क्षणात पूर्ण झाला.

"हिंदुराव, सगळ्यांना बाहेर काढा. स्टोव्ह बंद करायला सांगा. त्या डाखात चूक झाली आहे."

"कसली चूक? गळत न्हाय, काय न्हाय."

"तेच तर. तो गळायलाच हवा."

हिंदुरावांनी पाहुण्यांकडे पाहिले. "मास्तर, गळाया पायजे तर मग पक्का कशापायी केला?"

प्रश्न रास्त होता, आणि रास्त प्रश्न विचारला की वेणीमाधवांचे जे होई तेच झाले. ते म्हणाले, "हे बघा, पाणी शंभर अंशांना उकळतं. पण झाकण बंद असेल तर…" आणि हात वर करून हवेत झाकणाची आकृती काढू लागले. पाहुणे लक्ष देऊन ऐकू लागले. एकाने तर मान डोलावली. वेणीमाधवांच्या ध्यानात आले की धडा नीट चालला आहे, वर्ग शांत आहे, आणि धडा संपेपर्यंत वर्ग उरेल की नाही याची खात्री नाही.

म्हणून ज्या माणसाने सापाला दूध पाजू नये यावर दरवर्षी शाळेत भाषण केले होते तो माणूस उठून उभा राहिला आणि ओरडला, "साप! स्वयंपाकघरात साप आहे!"

आयुष्यातली ही त्यांची पहिली ओरडून मारलेली थाप, आणि ती त्यांनी नागपंचमीच्या दिवशी मारली. एरवी घर क्षणात रिकामे झाले असते. आज उलटे झाले. बाहेर ओट्यावर बसलेल्या बायका आत धावल्या. कुणी हळदीकुंकवाची कोयरी घेतली, कुणी लाह्यांची वाटी, कुणी दुधाचा पेला. शेजारच्या दोन घरांतल्या बायकाही आल्या. देव आपल्या पायाने घरात आला होता, तोही आजच्या दिवशी. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही.

वेणीमाधव परक्या घरच्या चुलीपाशी कधी गेले नव्हते. आता ते बायकांच्या गर्दीतून वाट काढत, "सरका, बाई, सरका," म्हणत आत घुसले. स्टोव्हची किल्ली सैल करून त्यांनी हवा सोडली. भरभर थांबली. त्या शांततेत कुकर बारीक थरथरताना ऐकू येऊ लागला. हिंदुरावांच्या आत्या, दगडाबाई, सत्तरीच्या, हातात लाह्या घेऊन स्टोव्हशेजारी वाकल्या होत्या आणि भिंतीच्या फटीत बघत होत्या. त्यांचे तोंड झाकणापासून वीतभर अंतरावर होते.

"कुटं गेला रं, मास्तरा? हितं बीळ हाय का?"

कुकर अशा वेळी हलवू नये हे वेणीमाधवांना माहीत होते. का हलवू नये हेही माहीत होते. खुंटीवर सोनाबाईंचे पंचमीचे नवे लुगडे होते. ते त्यांनी ओढले, कुकरभोवती गुंडाळले, तान्ह्या मुलासारखा तो उरापोटाशी धरला आणि दारातून पळत सुटले. छाती भाजत होती. अंगणात पोरे आडवी आली. त्यांच्यावर ते असे खेकसले की पोरे भिंतीला चिकटली. चाळीच्या सामाईक हौदात दुष्काळापासून कुणी ओंजळभर पाणीही वाया घालवत नसे. त्या भरलेल्या हौदात वेणीमाधवांनी कुकर लुगड्यासकट बुडवला आणि स्वतः कठड्याआड खाली बसले.

चर्र झाले. बुडबुडे आले. मग ते कमी झाले. मग काहीच झाले नाही.

आणि हेच सगळ्यात वाईट झाले. कुकर फुटला असता तर निदान वेणीमाधवांचे म्हणणे खरे ठरले असते. आता चाळीला दिसत होते ते एवढेच: मास्तरांनी सापाची थाप मारली, बायकांच्यात घुसले, सणाचे पुरण शिजत असताना कुकर पळवला, नवे लुगडे काजळीने माखले आणि पिण्याच्या पाण्यात टाकले. वेणीमाधवांनी सर्व काही सांगितले. पाणी कसे आटले, गुंडी कशी वितळली, तीन डाखांतून कोणता निवडला, का निवडला. आकृती काढली नाही. थंड झालेले झाकण उघडून त्यांनी शिट्टीची नळी सगळ्यांना उजेडाकडे धरून दाखवली. ती डाळीने ठासून भरली होती, पलीकडचे काही दिसत नव्हते. एकेकाने डोळा लावून पाहिले.

सोनाबाईंनीही पाहिले. "म्हणजे तुमच्या डाळीनंच बुजली," त्या म्हणाल्या, आणि लुगडे पिळायला घेऊन गेल्या.

एका पाहुण्याने नळी काडीने साफ करून कुकर पुन्हा चढवायचे सुचवले. तेव्हा मात्र वेणीमाधवांनी गुंडी पिळून काढली आणि मुठीत घट्ट धरली. नवी येईपर्यंत ही मिळणार नाही, असे ते म्हणाले. कुणी काय म्हणायचे ते म्हणा. मग पुष्कळांनी म्हटले.

हौद उपसून धुवायचे ठरले. ते काम ओट्यावरच्या पोरांनी आपण होऊन उचलले. उरली डाळ. प्रभाबाईंनी अंगणात तीन दगड मांडले, पातेले चढवले आणि नवऱ्याच्या हातात डाव दिला. त्या स्वतः सोनाबाईंच्या शेजारी लुगडे धुवायला बसल्या. दोघींत बोलणे नव्हते, पण लुगड्याचे एकेक टोक दोघींच्या हातात होते. वेणीमाधव डोळ्यांत धूर घेत ढवळत बसले. छातीवरचा भाजल्याचा चट्टा चुरचुरत होता. मैंदर्गीची मंडळी ओट्यावरून बघत होती आणि कुणीही त्यांना काहीही विचारत नव्हते.

बऱ्याच वेळाने हिंदुराव आले आणि शेजारी उकिडवे बसले.

"मास्तर, एक खरं सांगा. फुटला असता?"

ठाऊक नाही, हे दोन शब्द वेणीमाधवांनी वर्गात कधी उच्चारले नव्हते.

"ठाऊक नाही," ते म्हणाले. "कदाचित नसता. पण आत्याबाईंचं तोंड मी झाकणाजवळ पाहिलं, आणि मला वाट बघवेना."

हिंदुरावांनी मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. आत दगडाबाई स्टोव्हशेजारी तशाच बसल्या होत्या आणि भिंतीच्या फटीपाशी एकेक लाही ठेवत होत्या. साप नव्हता हे त्यांना कुणीतरी सांगितले होते. त्यांनी ते मनावर घेतले नव्हते. हिंदुरावांनी पुढे होऊन वेणीमाधवांच्या हातातला डाव काढून घेतला.

"सरका तिकडं. ढवळाया येत न्हाय तुमास्नी. डाळ खाली लागायलीय."